काखेतलं गोंदण

३ नोव्हेंबर, सोम.
आज मॅमोग्राफीच्या एकोणतीस फिल्मा. फिल्म आता कुठली, सगळं पडद्यावरच. पण तोंडात बसलेला शब्द जात नाही. साडेनऊला दिवे मालवून बसले ते दीडला उठले. बाहेर लख्ख ऊन होतं हे विसरूनच गेले होते.

अठरावी फिल्म उघडली आणि नाव वाचायच्या आधी बाई ओळखली. मला चेहरे लक्षात राहत नाहीत, लग्नाकार्यात त्यावरून रुसवेफुगवे होतात. पण एकदा पाहिलेली छाती विसरत नाही. या वाक्यावर अवि (नवरा) अजून हसतो. उजव्या काखेतल्या ग्रंथींत बारीक पांढरे ठिपके, मोहरी सांडल्यासारखे. कौसाबाई, वय एकसष्ट, चाकणच्या पुढचं गाव. गेल्या वर्षी त्यांच्या देवळापुढे आमची तपासणीची गाडी लागली होती, यंदाही.

काखेत असे ठिपके दिसले की आधी कॅन्सरची शंका येते. गेल्या वर्षी आली होती. बाईंना पुन्हा बोलावलं, हात पाहिला, तर मनगटापासून कोपरापर्यंत हिरवं गोंदण. तुळस, खाली नाव, चार टिंबं. जत्रेत मशीनवाल्याकडून काढलेलं, नऊ वर्षांच्या असताना. त्या शाईत कसला धातू होता देव जाणे, पण शरीराने तो कण कण उचलून काखेपर्यंत नेला आणि तिथे सांभाळून ठेवला. बावन्न वर्षं. त्या दिवशी मी वैशालीला (माझी टेक्निशियन, लातूरची) हाका मारून बोलावलं, ज्युनिअरना दाखवलं, भाषणात घातलं. आठवडाभर दुसरं बोलले नव्हते.

आज ठिपके तसेच. पण उजव्याच बाजूला, वर, छातीच्या भिंतीजवळ काहीतरी. गाठ नाही. साडीला काटा अडकून धागे एका जागी ओढले जावेत तसं. वरून आणि कडेने काढलेल्या दोन्ही फिल्मांत तिथेच.

गेल्या वर्षीची शेजारी लावली.

तिथेही आहे. फिकं. पण आहे. आणि खाली माझा रिपोर्ट: दोन्ही बाजू ठीक, काखेत गोंदणाची शाई. माझी सही.

जेवले नाही.

५ नोव्हेंबर, बुध.
वै.ने फोन केला. फोन सुनेने घेतला, अश्विनी, कंपनीच्या कँटीनला असते. मागून कौसाबाईंचा आवाज. वै. म्हणाली, "मॅडम, त्या म्हणायल्यात कांद्याची लागण चालू हाय, मजूर आल्यात, सोमवारी येते." मी म्हटलं, उद्या नाही का जमणार? वै.ने विचारलं. पलीकडून उत्तर आलं ते मलाही ऐकू आलं. "रोप उपटून ठिवलंय, ते न्हाई थांबायचं."

चार दिवसांनी काही बिघडत नाही, हे मला शास्त्रानुसार माहीत आहे. तरी कॅलेंडरकडे पाहते आहे.

७ नोव्हेंबर, शुक्र.
एक गोष्ट केली, कुणाला न सांगता. बाईंची गेल्या वर्षीची फिल्म आणखी अकरा जुन्या फिल्मांत मिसळली, नावं झाकली आणि दोघा ज्युनिअर सहकाऱ्यांना वाचायला दिल्या. काय शोधायचं ते सांगितलं नाही.

मनातून वाटत होतं, दोघांनाही दिसू नये. मग लाज वाटली. मग वाटलं, दोघांनाही दिसावं, एकदाचा निकाल लागेल.

एकीने बरोबर त्या जागी गोल केला. दुसऱ्याने लिहिलं, "ठीक. काखेत ठिपके. गोंदण का, मॅडम?" खाली हसरा चेहरा. माझं भाषण त्याने ऐकलेलं होतं.

म्हणजे दिसण्यासारखं होतं, आणि न दिसण्यासारखंही होतं. यातलं मला कुठलं लागू? मी तेव्हा शोधलंच किती? गोंदण सापडलं आणि मी खूश होऊन उठले. शिकणाऱ्या मुलांना नेहमी सांगते, एक सापडलं की पहिल्यापासून बघा, सापडल्याच्या आनंदात डोळे मिटतात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

१० नोव्हेंबर, सोम.
कौसाबाई आल्या. नखांत माती होती, त्या हात धुवून आलेल्या असूनही. सोनोग्राफीत लगेच सापडलं. छोटं आहे, तुरीच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं. बायोप्सी केली. सुईच्या बंदुकीचा आवाज होणार हे आधी सांगितलं. "टक" झाल्यावर म्हणाल्या, "येवढंच व्हय. ल्येकाच्या मोटारसायकलीचा आवाज जास्ती हाय."

हात डोक्यावर घेऊन पडल्या होत्या, गोंदण माझ्या डोळ्यांसमोर. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच विषय काढला. "गावात समद्यांना सांगितलं मी. डॉक्टरीणबाईंनी माझं गोंदण आत बगितलं म्हणून. आमची आय म्हणायची, सोनंनाणं हितंच ऱ्हातं, गोंदण तेवढं संगं येतं. ते खरंच आत चाललंय म्हणलं. बायका हसत्यात."

धाकटी बहीण तान्हूबाई, तिचंही त्याच दिवशी काढलं. ती रडून हात ओढून पळाली. "तिची तुळस अर्धीच हाय. एका अंगाला पानं हायेत, एका अंगाला न्हाईत."

मला हे सगळं किती आवडतं. अजूनही. सुई बाईंच्या छातीत असताना, आपली चूक माहीत असताना, माझ्यातलं ते वेडं पोर म्हणत होतं, अर्धी तुळस. तिच्या काखेत ठिपके निम्मेच असतील का?

स्वतःचा राग आला. पण खोटं कशाला लिहू, नवलही वाटलं.

१२ नोव्हेंबर, बुध.
आज वेगळं. मारुंजीहून एक मुलगी आलेली, आयटीतली, बाळंत होऊन तीन महिने झालेले. छातीत गाठ लागली म्हणून रडून डोळे सुजलेले. बाळ बाहेर आजीपाशी. मी सोनोग्राफी लावली. गाठ नव्हे, दूध साठलेलं. ते सांगणार तेवढ्यात बाहेर बाळ रडायला लागलं.

आणि पडद्यावर दुधाच्या नळ्या रुंदावल्या. माझ्या समोर. बंद दाराआडून नुसता आवाज आला आणि इथे आत दूध उतरू लागलं, काळ्या ओढ्यात पांढरे कण वाहताना दिसतात तसं. मुलीला पडदा वळवून दाखवला. ती रडायची थांबली. आम्ही दोघी बघत राहिलो. वै.सुद्धा दारात थांबली.

वीस वर्षं हे काम करते आहे. पुस्तकात वाचलं होतं, पण असं पाहिलं आजच. या अवयवाला लोक नाव घ्यायला लाजतात, आणि तो बंद दारातून बाळ ऐकतो.

घरी येऊन अविला सांगितलं. तो म्हणाला, "मग त्या चाकणच्या बाईंचं काय झालं?" माझा चेहरा पाहून विचारलं असणार. त्या पुन्हा आल्यात एवढंच त्याला बोलले होते. सगळं सांगितलं.

अवि एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. म्हणाला, "आमच्याकडे खराब पार्ट लाइनवरून निघून गेला की गिऱ्हाइकाला आपण होऊन कळवायचं. त्याने शोधायची वाट बघायची नाही. तुमच्यात काय पद्धत आहे?"

म्हटलं, आमच्यात पार्ट परत घेता येत नाही.

"कळवता तरी येतं ना," तो म्हणाला.

१४ नोव्हेंबर, शुक्र.
रिपोर्ट आला. कॅन्सर आहे. जात फार दांडगी नाही. आता सगळा प्रश्न काखेचा. तिथे पोचला नसेल तर बाई बहुधा यातून सुखरूप. पोचला असेल तर मोठा उपचार, आणि तो कदाचित माझ्या त्या वर्षात पोचला असेल.

आणि काख तर शाईने भरलेली. सोनोग्राफीत त्या ग्रंथींची सावलीच पडते, आत काय ते कळत नाही. मी ज्यावर भाळले तेच आता पडदा धरून बसलंय.

दे. सरांना (सर्जन, मला ज्येष्ठ, आणि मनाने चांगला माणूस) भेटले. दोन्ही फिल्मा दाखवल्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "मागे वळून बघितलं की सगळ्यांनाच दिसतं. सांगायची गरज नाही. बाईंचा धीर जाईल, ऑपरेशन तोंडावर आहे."

त्यांचं चूक आहे असं मला वाटत नाही. बरोबर आहे असंही वाटत नाही. म्हटलं, निदान सोमवारी तुम्ही बाईंना आजार सांगाल तेव्हा मी तिथे बसते.

१७ नोव्हेंबर, सोम.
सांगितलं.

दे. सरांनी आजार समजावला, चांगला समजावला, पाटीवर चित्र काढून. ते उठून गेल्यावर मी बसून राहिले. समोर कौसाबाई, अश्विनी. दोन्ही फिल्मा पडद्यावर लावल्या, बोट ठेवलं. हे आत्ताचं. हे गेल्या वर्षीचं. इथे थोडंसं होतं. माझ्या नजरेतून सुटलं. कुणाला दिसलं असतं, कुणाला नसतं, पण बघायचं काम माझं होतं.

अश्विनीला आधी कळलं. "म्हणजे वर्ष गेलं." मी हो म्हटलं. "मग मॅडम, आम्ही शिबिराला आलोच कशाला? ह्यांची नाइट शिफ्ट झालेली, तरी ह्यांनी आईंना आणलं होतं." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

"थांब गं," कौसाबाई म्हणाल्या. पडद्याकडे बघत होत्या. मग काखेतल्या ठिपक्यांवर बोट नेलं. "हे गोंदण. व्हय?"

हो.

"तुमी हे बगत बसला."

हो.

"आन मी गावभर सांगत हिंडले."

हे म्हणताना त्या हसल्या नाहीत. पदर हातावर ओढून घेतला, गोंदण झाकलं गेलं. मग म्हणाल्या, "दुसरी बाजू नीट बगितली का?"

बघितली.

"परत बगा."

त्यांच्यासमोर बघितली. डावी, वरपासून खालपर्यंत, भिंग लावून, बोटाने रेघ ओढत. पंधरा मिनिटं. अश्विनीही वाकून बघत होती, तिला त्यातलं काही कळत नसणार. डावी ठीक आहे. सांगितलं. कौसाबाईंनी मान हलवली आणि चपला घातल्या. माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत. मीही चूक कबूल केली तेवढीच, माफ करा असं म्हणवलं नाही. मला रडू आलं ते त्या गेल्यावर. वै.ने चहा आणून ठेवला आणि दार लावून घेतलं.

२५ नोव्हेंबर, मंग.
ऑपरेशन. सकाळी आठला मी तार घातली. गाठ हाताला लागत नाही, म्हणून सोनोग्राफीवर बघून केसासारखी बारीक तार तिथपर्यंत नेऊन ठेवायची, म्हणजे सर्जनला वाट सापडते. कौसाबाईंनी विचारलं, "बराबर जागंवर हाय ना?" तीनदा तपासून हो म्हटलं.

दे. सरांना दारातच गाठलं. कॅन्सर काखेत आधी जिथे पोचेल त्या दोन-तीन ग्रंथी शोधायला ते निळं औषध टोचतात. ज्या निळ्या होतील त्याच काढायच्या. म्हटलं, सर, या बाईंच्या ग्रंथी आधीच हिरव्यानिळ्या असणार. रंगावर जाऊ नका, दुसऱ्या यंत्राने खात्री करा. त्यांनी मान डोलावली. हे मला माहीत होतं ते त्या गोंदणाच्या वेडापायीच. त्याचं काय करावं कळत नाही.

साडेअकराला डबी आली. काढलेला भाग माझ्याकडे एक्स-रेला येतो, सगळं आलं की नाही ते मी सांगेपर्यंत वर टाके घालत नाहीत. लावला. ओढलेले धागे मधोमध, तारेचं टोक त्यांच्यात, कडा चहूबाजूंनी मोकळ्या. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. मग फोन केला. आलंय सर, सगळं.

मग दुसरी डबी. तीन ग्रंथी. नुसत्या डोळ्यांनी बघितल्या, काळपट निळ्या, करवंदासारख्या. एक्स-रे लावला आणि ठिपके उजळले. भातुकलीच्या वाटीएवढ्या डबीत एक जत्रा होती, नऊ वर्षांची मुलगी हात धरून बसलेली, शेजारून धाकटी पळून चाललेली. अंगावर काटा आला. कुठल्याही देवळात मला असं होत नाही.

आणि त्याच ठिपक्यांमागे दुसरं काही आहे का, ते माझ्या यंत्राला दिसत नाही. डबी पॅथॉलॉजीला गेली.

२७ नोव्हेंबर, गुरु.
वॉर्डात गेले. आज जाववत नव्हतं, पण गेले. अश्विनी उठून उभी राहिली. स्टूल माझ्याकडे सरकवलं.

कौसाबाई बऱ्या आहेत. हात उचलायचा व्यायाम दाखवला. मग हळूच विचारलं त्यांनी, "आतलं गोंदण काडलं का समदं?"

तीन ग्रंथींतलं काढलं. बाकी आहे अजून.

"ते संगं यायचं व्हतं."

हातावरचं आहे ना, मी म्हटलं.

हात उलटा करून बघितला. "हाय. आन मला कुटं घाई हाय?" आणि मग, पहिल्यांदाच त्या दिवसानंतर, जरा हसल्या. निघताना म्हणाल्या, "आमच्या तान्हूला सांगितलंय. ती म्हणती, चुकणाऱ्या बाईकडं कशाला जाऊ. म्या म्हणलं, बाकीच्या सांगत न्हाईत येवढंच."

हे कौतुक आहे की टोमणा? दोन्ही असावं. दिवसभर मनातून जात नाही.

३ डिसेंबर, बुध.
काखेचा रिपोर्ट आज यायचा होता. नाही आला. पॅथॉलॉजीतून फोन: शाईचे कण इतके आहेत की पेशी झाकल्या जातात, जादा रंग लावून तपासावं लागेल, सोमवारपर्यंत. नेहमी मी लोकांना सोमवारपर्यंत थांबा म्हणते. आज कळलं सोमवार किती लांब असतो.

कौसाबाईंना फोन मीच केला. "थांबू की," म्हणाल्या. मागे कुणीतरी कांद्याला पाणी सोडल्याचं ओरडून सांगत होतं.

६ डिसेंबर, शनि.
महिन्याचा पहिला शनिवार, आमच्याकडे चुकांचा शनिवार. मीच सुरू केलेला, चार वर्षं झाली. प्रत्येकाने आपल्या हातून सुटलेली एक फिल्म आणायची. गोंदणाची तीच फिल्म लावली. मुलांनी ओळखली, हसू फुटलं, मॅडमची लाडकी फिल्म. मग मी काखेवरून बोट काढून छातीवर ठेवलं. हसू थांबलं. पुढचं फार बोलावं लागलं नाही. हसरा चेहरा काढणारा पोरगा शेवटपर्यंत वहीत डोकं घालून होता; नंतर त्याला सांगितलं, तू तेच केलंस जे मी केलं, आणि तुला ते मी शिकवलं.

साडेबाराला वै. आत आली. "मॅडम, माणहून एक आज्जी आल्यात, आपल्या कौसाबाईंच्या भैन."

तान्हूबाई. सुनेच्या स्कूटरवर बसून आलेल्या. बहिणीपेक्षा बुटक्या, नजर तिखट. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमीच का त्या?" मीच त्या. "आक्कानं निरोप दिलाय. म्हणली, तसाच्या तसा सांग." घसा साफ केला आणि पाठ केल्यासारखं म्हणाल्या, "आदी छाती बगा. गोंदण मागनं."

वै.ने काखेतली पावडर पुसून घेतली (फिल्मवर तीही ठिपक्यांसारखी दिसते), फिल्म काढली. मधल्या वेळात बाहेर बाकावर त्यांचा हात दिसला. अर्धी तुळस. एका अंगाला पानं, दुसऱ्या अंगाला एक रेघ कोपराकडे निसटत गेलेली, जिथे मुलीने हात ओढला तिथे.

आता फिल्म माझ्यासमोर आहे, दिवे मालवलेत. उघडायच्या आधी वै.कडून एक कोरा फॉर्म मागून घेतला आणि पडद्याच्या वरच्या कडेला, दोन्ही काखांवर, चिकटवला. वै.ने दुसऱ्या बाजूने चिकटपट्टी धरली.

त्या कागदाखाली अर्धी तुळस कशी दिसत असेल, निम्मे ठिपके की तितकेच, हे बघायची इतकी इच्छा होते आहे की हाताची घडी घालून बसले आहे. सोमवारी कौसाबाईंचा रिपोर्ट येईल. आत्ता या बाईंची उजवी बाजू बघून झाली, वरपासून खालपर्यंत, दोनदा. डावी चालू आहे. कागद अजून काढलेला नाही.